बोलघेवडा साहेब

पावसाळा सरत आला की महाबळेश्वरला जावं. गर्दी नसते, हॉटेलवाला खोलीचे पैसे कमी करतो आणि पॉइंट पाहायची सक्ती नसते, कारण पॉइंटवरून काही दिसतच नाही. कठड्यापाशी उभं राहिलं की समोर पांढरं, खाली पांढरं, आणि शेजारी कुणीतरी भाजत असलेल्या कणसाचा वास. लॉडविक पॉइंटवर असेच उभे होतो. टॅक्सीवाले काका जावळीकडचे, वयानं साठीला टेकलेले. धुक्याकडे बोट दाखवून ते दिसत नसलेलं सगळं सांगत होते. इथं कोयनेचं खोरं, तिथं प्रतापगड, त्या अंगाला मकरंदगड. मग म्हणाले, "ह्यो समदा डोंगर आपल्या राजाचा हुता ताई. मालकम सायबानं मागितला, राजानं दिला. फुकट न्हाई, बदल्यात खंडाळा घेतलं. सायेब मानूस दिलदार हुता." मी "हो ना" म्हटलं आणि मान डोलावली.

मान डोलावली, आणि पुढचा अख्खा दिवस ती मान मला छळत राहिली. मी सातारची. काका म्हणत होते तो राजा म्हणजे साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज. शाळेत असताना त्यांचं नाव आमच्या कानावर शिवाजी महाराजांच्या खालोखाल पडायचं. त्यांच्या नावाची शाळा जुन्या राजवाड्यात भरायची आणि त्या लाकडी खांबांजवळून जाताना मुलंसुद्धा आवाज जरा खाली आणायची. आणि खंडाळा म्हणजे माझ्या मावशीचं गाव. लोणावळ्याजवळचं नव्हे, खंबाटकी घाटाच्या अलीकडचं. पुण्याहून येताना तिच्याकडे चहाला थांबायचं हा घरचा नियम. त्या गावाची कधीकाळी एका डोंगराशी अदलाबदल झाली होती हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण कुणी इतक्या सहज, जमिनीच्या व्यवहाराबद्दल बोलावं तसं बोलेल असं वाटलं नव्हतं. आणि त्यावर मी "दिलदार होता" हे शब्द निमूट गिळले.

खरं सांगायचं तर गिळले नाहीत. मला ते पटले होते. अडचण तीच होती.

सर जॉन माल्कम हा मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला १८२७ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. पण त्याची कहाणी सुरू होते ती स्कॉटलंडमधल्या एस्क नदीकाठच्या एका मेंढपाळी शेतावर. बाप कर्जात बुडालेला आणि घरात सतरा मुलं. अशा घरातल्या मुलांना त्या काळी दोनच वाटा होत्या, आरमार किंवा कंपनी. जॉनला बाराव्या वर्षी लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत उभं केलं. एका संचालकानं गमतीत विचारलं, काय रे पोरा, हैदर अली समोर आला तर काय करशील? पोरगं म्हणालं, तलवार उपसून त्याचं डोकं उडवीन. संचालक हसले, म्हणाले, चालेल हा. झाली नेमणूक. १७८३ मध्ये हा मुलगा मद्रासला उतरला तेव्हा चौदा वर्षांचाही नव्हता. पुढल्याच वर्षी टिपूच्या ताब्यातल्या कैद्यांची अदलाबदल करायला शिपायांच्या दोन तुकड्यांसह निघाला. समोरून आलेल्या मेजरनं तट्टावर बसलेल्या या लालबुंद गालांच्या पोराला विचारलं, तुमचा कमांडिंग ऑफिसर कुठं आहे? उत्तर आलं, मीच कमांडिंग ऑफिसर.

या गोष्टी वाचताना हसू येतं. मग लक्षात येतं की आपल्याला हसू यावं अशाच बेतानं त्या सांगितल्या गेल्या आहेत. माल्कम आयुष्यभर बोलत राहिला. जेवताना, घोड्यावर, तंबूत, पत्रांत. इंग्रज मुत्सद्दी जॉर्ज कॅनिंगनं त्याला 'बहादर जॉ' असं नाव ठेवलं होतं, म्हणजे हे जबडाबहादूर. सहा फुटांच्या वर उंची, शिकारीचा नाद, मोठ्यांदा हसणं, लहान मुलांशी दंगा. शाळेत कुठलीही खोडी झाली की त्याचे मास्तर म्हणायचे, याच्या मुळाशी जॉकच असणार. जॉक म्हणजे आपला जॉन. पुढे इराणचा जाडजूड इतिहास लिहून झाल्यावर यानं त्या मास्तरांना प्रत पाठवली आणि आत तेच वाक्य लिहिलं. असा माणूस आवडून घ्यायचा नाही म्हटलं तरी कठीण जातं. गाणं शिकलेल्या माणसाला जसं बेसूर गाता येत नाही, तसं याला नावडतं वागता येत नसावं.

इराणच्या वाऱ्या मी इथं भरभर ओलांडते. तेहरानच्या दरबारात शहाला भेटी, तह, पुन्हा भेटी, मधली एक मोहीम साफ फसलेली. बटाटा इराणात यानं नेला असं म्हणतात. आपल्याला त्याच्याशी देणं-घेणं आहे ते दख्खनपुरतं. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेनं दुसऱ्या बाजीरावाला पुन्हा पुण्याच्या गादीवर बसवलं तेव्हापासूनची माल्कम आणि बाजीराव यांची ओळख. त्या साली शिंद्यांशी सुर्जी अंजनगावचा तह झाला, त्यातही हा होताच. असईच्या लढाईला मात्र आजारी पडल्यामुळे मुकला आणि त्याची रुखरुख त्याला पुष्कळ दिवस लागून राहिली. पण माझ्या मनात जे घोळतंय त्याचं मूळ असईत नाही, माहुलीत आहे.

माहुली आम्हा सातारकरांना वेगळ्याच कारणानं माहीत असते. कृष्णा आणि वेण्णा जिथं मिळतात तो घाट, काळ्या दगडाच्या झिजलेल्या पायऱ्या, विश्वेश्वराचं देऊळ, पिंडाभोवती ओरडणारे कावळे. आजी गेली तेव्हा दहाव्याला आम्ही तिथंच उभे होतो, कावळा शिवेना म्हणून काका हात जोडून काहीबाही कबूल करत होते. महाबळेश्वरच्या डोंगरावर जी वेण्णा उगम पावते ती खाली येऊन इथं कृष्णेला मिळते. १८१७ च्या ऑगस्टमध्ये बाजीराव इथं मुक्कामाला होता. जूनमध्ये पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन यानं त्याच्या गळ्यात पुण्याचा तह अडकवला होता. मराठ्यांचं पुढारपण गेलं, मुलूख गेला, त्याचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे गुन्हेगार ठरला. आणि त्या नदीकाठच्या मुक्कामात जुना मित्र माल्कम भेटायला आला.

काय बोलणं झालं ते माल्कमच्या बाजूनंच आपल्याला माहीत. बाजीरावानं दुःख सांगितलं, इंग्रजांवरचं प्रेम सांगितलं, एल्फिन्स्टन किती कठोर वागला ते सांगितलं. माल्कम विरघळला. त्यानं सल्ला दिला की मनापासून दोस्ती दाखवायची असेल तर फौज भरती करा आणि पेंढाऱ्यांविरुद्ध आमच्या मदतीला पाठवा. सिंहगड, पुरंदर, रायगड हे ओलीस ठेवलेले किल्ले बाजीरावाला परत मिळाले. एल्फिन्स्टनला हे काही रुचलं नव्हतं, पण माल्कम वरचढ माणूस, त्यानं विरोध ताणला नाही. आणि बाजीरावानं सल्ला अक्षरशः पाळला. फौज भरती केली. सेनापती बापू गोखल्यांच्या हाती पैसा दिला. ५ नोव्हेंबरला ती फौज खडकीच्या माळावर इंग्रजांवर चालून गेली आणि संगमावरची एल्फिन्स्टनची रेसिडेन्सी, त्याच्या लाडक्या पुस्तकांसकट, जळून गेली.

'पळपुटा बाजीराव' हे आपण इतक्या वेळा म्हटलंय की त्याच्याकडे काही अक्कल असेल असं आपल्याला वाटतच नाही. पण माहुलीच्या त्या भेटीत कोण कुणाला गुंडाळत होता? इराणच्या शहापासून हैदराबादच्या निजामापर्यंत सगळ्यांना बोलण्यात गार करणारा माणूस या नदीकाठी स्वतःच गार झाला. आजी वाईची होती. बाजीरावाचा विषय निघाला की ती पानाचा विडा जुळवता जुळवता म्हणायची, "रडायचं कुठं आणि कुणापुढं, ते त्याला बरोब्बर कळायचं बाई." आम्ही हसायचो. आता वाटतं, तिनं एका वाक्यात सगळा मामला सांगितला होता.

डिसेंबरात माल्कम माळव्यात होता. महिदपूरला क्षिप्रा ओलांडून होळकरांच्या तोफांवर चाल करून जाणारी तुकडी त्याच्या हाताखाली होती. २१ डिसेंबर १८१७. होळकरांचे तोफची शेवटपर्यंत तोफांपाशी उभे राहिले असं इंग्रजांनीच नोंदवलंय. दोन्हीकडची मिळून काही हजार माणसं त्या एका दिवसात मेली वा जायबंदी झाली. आदल्याच दिवशी होळकरांच्या छावणीत कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईला तिच्याच माणसांनी ठार केलं होतं, गादीवर एक कोवळा पोर. जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि तो लिहिणाराही हाच. पराभव झालेल्यांच्या कारभाऱ्याशी, तात्या जोगांशी, त्याचं पुढे छान जमलं. महूची छावणी त्यानंच वसवली. त्या छावणीत १८९१ मध्ये एका सुभेदाराच्या घरी भीमराव जन्मले आणि पुढे साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेत त्यांचं नाव घातलं गेलं. इतिहासाच्या गावांची ही अशी जा-ये पाहिली की मला जरा गरगरतंच.

आणि मग खेरी. असीरगडाजवळचं हे गाव. १८१८ चा मे संपत आलेला, लू वाहत असणार. आष्टीला गोखले पडून तीन महिने झाले होते, साताऱ्याचे छत्रपती इंग्रजांच्या हाती गेले होते, आणि बाजीराव दमलेल्या, पगार थकलेल्या फौजेनिशी रान तुडवत होता. त्यानं वकील पाठवले ते माल्कमकडे. १ जूनला दोघे समोरासमोर आले. एकांतात बसल्यावर बाजीराव म्हणाला, इंग्रजांत माझे खरे मित्र तीन. कर्नल क्लोज वारला. वेलस्ली लांब, दुसऱ्या देशात. उरलात तुम्ही. संकटात मित्र सोडून जातो का? वाचताना मी पुस्तक खाली ठेवलं होतं. माहुलीनंतर हाच माणूस, त्याच माणसापुढे, तेच गाऱ्हाणं! आणि तरीही त्या माणसाचे डोळे पाणावलेले असणार असं मला का वाटतं?

माल्कमनं शब्द दिला. राज्यावरचा हक्क कायमचा सोडायचा, दख्खनमध्ये पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, उत्तरेत जाऊन राहायचं. बदल्यात वर्षाला आठ लाखांहून कमी नाही इतका तनखा, शिवाय त्याच्याबरोबर फरफटलेल्या सरदारांचा आणि पदरच्या ब्राह्मणांचा विचार. ३ जूनला बाजीराव स्वाधीन झाला. पुढे थोड्याच दिवसांत त्याच्याच अरब शिपायांनी थकलेल्या पगारासाठी त्याला वेढून धरलं, तेव्हा मध्ये पडून सोडवणूक केली तीही माल्कमनंच. कलकत्त्याला गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या कपाळाला आठ्या. हरलेल्या माणसाला आठ लाख? माल्कमचा हिशेब सरळ होता. पावसाळा तोंडावर आहे, असीरगडाचा दरवाजा उघडला तर वेढ्याला आठ लाखांहून किती जास्त जातील ते मोजा. शिवाय पेशवा रानात फिरतोय तोवर प्रत्येक गावात कुणीतरी त्याची वाट पाहणार.

बाजीराव तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. वर्षानुवर्षं बायका, उपासतापास आणि भीती यांत घालवलेला हा माणूस फार टिकायचा नाही असा कंपनीचा अंदाज असावा. तो बिठूरला गंगेकाठी १८५१ पर्यंत जगला. बत्तीस वर्षांहून अधिक काळ, दरसाल आठ लाख. अडीच कोटींच्या वर रक्कम झाली. आजी असती तर म्हणाली असती, बघ, मी काय म्हणत होते. पण दुसरी बाजू अशी की या अडीच कोटींत एक आख्खी पेशवाई गेली, आणि ती घेणारा माणूस आपण मित्राला मदत केली या समाधानात झोपी गेला. त्याचा हात मायेचा होता की खरेदीचा? मला वाटतं दोन्ही, एकाच वेळी. बाजीराव मेल्यावर नानासाहेबांना तो तनखा नाकारला गेला आणि पुढे कानपुरात काय झालं ते सांगायला नको.

मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त घोळात पाडतं ते त्याचं माळव्यातलं काम. तीनेक वर्षं तो तिथं होता. भिल्लांपासून राजपुतांपर्यंत कुणीही त्याच्या तंबूत येऊन बसू शके. बिशप हेबर काही वर्षांनी त्या भागातून गेला. त्यानं लिहून ठेवलंय की सगळ्या पक्षांनी एकमुखानं वाखाणलेला माणूस या मुलखात मी एकच ऐकला, माल्कम. आणि याच काळात त्यानं माहिती जमवली ती अहिल्याबाईंची. बाई जाऊन पंचवीसएक वर्षं झाली होती. महेश्वरात, इंदुरात, त्यांना पाहिलेली माणसं अजून हयात होती. माल्कमला आधी संशय होता की आपल्या धन्याच्या घरची बाई म्हणून लोक वाढवून सांगत असतील, म्हणून त्यानं सगळ्या थरांत खोदून चौकशी केली. जितकं खोदलं तितका आदर वाढत गेला, असं तो लिहितो. आज अहिल्याबाईंबद्दल आपण जे कौतुकानं सांगतो, त्यातलं कितीतरी या होळकरांचं राज्य मोडणाऱ्या माणसाच्या वहीतून आलेलं आहे. चौंडीला त्यांच्या जन्मगावी गेले होते तेव्हा हे आठवलं आणि नमस्काराला जोडलेले हात क्षणभर अवघडले. खरं तर अवघडायचं काही कारण नव्हतं. ज्यानं तोफा घेतल्या, त्यानंच आठवणीही जमा केल्या, आणि दोन्ही कामं तितक्याच मन लावून केली.

मुंबईची गव्हर्नरी त्याला १८१९ मध्येच हवी होती. ती मिळाली एल्फिन्स्टनला, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्याला. दुखावला, पण मैत्री तोडली नाही. अखेर १ नोव्हेंबर १८२७ ला एल्फिन्स्टनकडूनच त्यानं सूत्रं घेतली. लष्करातला माणूस गादीवर बसला की जरा शिस्तीचा बडगा येतो. यानं परळच्या सरकारी वाड्यात, म्हणजे आज जिथं हाफकिन संस्था आहे तिथं, रोजच्या न्याहारीला दार उघडं ठेवलं. कौन्सिलचा दिवस वगळता कुणीही यावं. हा अर्धा तास आधी खाली उतरायचा आणि न्याहारीनंतरही तेवढाच वेळ थांबायचा. कारकुनापासून न्यायाधीशापर्यंत ज्याला जे बोलायचं ते त्यानं बोलून घ्यावं. परळच्या त्या दमट सकाळी, चहाचे पेले, पंखा ओढणारा पोऱ्या, आणि मधोमध हा अखंड बोलणारा गव्हर्नर. खर्चाला कात्री लावायचा वरून हुकूम होता, ती त्यानं लावली आणि शिव्याही खाल्ल्या. पावसाळ्यासाठी दापोडीचा बंगला सरकारी झाला आणि तिथं वनस्पतींची बाग उभी राहिली ती याच्याच वेळी. दापोडीवरून लोकलनं जाताना आज ते कुणाला सांगून पटणार नाही.

एकदा मात्र त्याचा दिलदारपणा कोर्टाच्या दाराशी अडला. पुण्यात मोरो रघुनाथ नावाचा चौदा वर्षांचा मुलगा पांडुरंग रामचंद्र या बड्या सरदाराच्या घरी पालकत्वाखाली राहत होता. मुंबईच्या सुप्रीम कोर्टानं हुकूम काढला, मुलाला आमच्यापुढे हजर करा. माल्कमनं हुकूम बजावायला साफ नकार दिला. त्याचं म्हणणं, पुण्याच्या सरदारांना आम्ही मान राखण्याचा शब्द दिलाय, मुंबई बेटावरच्या कोर्टाचा हात घाटावर पोचत नाही. न्यायमूर्ती जॉन पीटर ग्रँट इतका खवळला की १८२९ च्या एप्रिलमध्ये त्यानं कोर्टच बंद करून टाकलं. लंडनहून, कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष लॉर्ड एलेनबरो यानं माल्कमला खासगी पत्र लिहिलं. दोन नवे न्यायाधीश पाठवतोय, त्यांच्यामध्ये ग्रँट दोन माणसाळलेल्या हत्तींमध्ये चालवलेल्या रानटी हत्तीसारखा होईल. हे पत्र फुटलं, छापून आलं आणि दोन्ही देशांत हसं झालं. शेवटी निकाल सरकारच्या बाजूनं लागला. मला या भानगडीत एकच माणूस दिसत राहतो, तो चौदा वर्षांचा मोरो. त्याला कुठं राहायचं होतं हा प्रश्न माल्कम आणि ग्रँट यांच्या भांडणात केव्हाच हरवला. सरदाराचा मान राखला गेला, पोराचं काय ते मात्र पुस्तकांच्या समासातसुद्धा नाही. एरवी कुणाचंही ऐकून घेणारा हा माणूस इथं फक्त वाड्याच्या मालकाचं ऐकत होता.

१८३० च्या नोव्हेंबरात बोर घाटातून गाडीरस्ता सुरू झाला. त्याआधी घाट चढायचा तर बैल, पालख्या, हमाल आणि देवाचं नाव. आता मुंबईहून निघालेली गाडी चाकं न काढता पुण्याला पोचू लागली. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात सतीबंदीचा कायदा झाला. मुलांना शिकवायचं तर त्यांच्या भाषेत शिकवा, इंग्रजी सगळ्यांच्या माथी मारू नका, असं त्याचं मत होतं. तो परतला आणि पुढच्याच वर्षी मोल्सवर्थचा मराठी कोश बाहेर आला. हे सगळं वाचून झालं की पुन्हा त्या टॅक्सीवाल्या काकांचं बोलणं आठवतं आणि पुन्हा मान हलू पाहते.

महाबळेश्वरचं असं झालं. लॉडविक हा इंग्रज लष्करी अधिकारी १८२४ मध्ये डोंगर चढून आला होता, थंड हवेचं कौतुक त्यानं केलं होतं. माल्कमनं १८२८ मध्ये ते मनावर घेतलं. गोऱ्या सैनिकांना कोकणातल्या आणि देशावरच्या तापातून वाचवायला जागा हवी होती. प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून रस्ता करवून दिला. १८२९ च्या करारानं डोंगराचा तुकडा कंपनीकडे आला, खंडाळा महाराजांकडे गेलं. नव्या वस्तीला महाराजांनी नाव दिलं, माल्कम पेठ. पुढे चिनी आणि मलाय कैदी आणून इथं भाजीपाल्याच्या बागा फुलवल्या गेल्या. आज आपण मलई घालून खातो त्या स्ट्रॉबेरीच्या मागे कुणाची तरी काळ्या पाण्याची शिक्षा आहे, हे फलकावर कुणी लिहीत नाही. पॉइंटांची नावं पाहा, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, लॉडविक, विल्सन. डोंगर राजाचा, कडे साहेबांचे.

माल्कम १८३० च्या डिसेंबरात विलायतेला परत गेला. लंडनमध्ये पार्लमेंटचा सभासद झाला, सुधारणा विधेयकाला कडाडून विरोध केला, कंपनीच्या बाजूनं भाषणं दिली आणि १८३३ च्या मे महिन्यात वारला. वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याचा पुतळा आहे, आपल्या मुंबईच्या टाउन हॉलमध्येही चँट्रीनं घडवलेला एक आहे. एशियाटिकच्या त्या पायऱ्या चढून आत गेलं की संगमरवरातले साहेब भेटतात आणि त्यांच्याच रांगेत आपले नाना शंकरशेट.

माल्कमला मुंबई सोडून नऊ वर्षं होतात न होतात तोच, १८३९ मध्ये, प्रतापसिंहांना गादीवरून उतरवलं. गोव्याच्या पोर्तुगीजांशी कट केल्याचे आरोप, कागद, साक्षी. महाराजांना काशीला नेलं, तिथंच १८४७ मध्ये ते गेले. त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये १८५३ पर्यंत या दारातून त्या दारात धन्याचा न्याय मागत फिरले. माल्कम असता तर असं झालं नसतं, असं म्हणणारे भेटतात. मलाही कधीकधी तसं वाटतं, आणि वाटलं की राग येतो. एका माणसाच्या चांगुलपणावर राज्य उभं होतं म्हणजे ते उभं नव्हतंच. शिवाय, तो चांगला होता हे सांगतंय कोण? त्याची पत्रं, त्याच्या मित्रांची पत्रं, त्याचं चरित्र, त्याचीच पुस्तकं. आयुष्यभर बोलला, आणि जाऊन दोनशे वर्षं होत आली तरी बोलणं थांबलेलं नाही.

बोलायचं तर प्रतापसिंहही काही मुके नव्हते. ते रोजनिशी ठेवत. मोडी अक्षरातले ते कागद पुण्याच्या दफ्तरात रुमालांत बांधलेले आहेत. माझ्या ओळखीच्या एक बाई निवृत्तीनंतर मोडी शिकल्या, आता त्या दर आठवड्याला दफ्तरात जाऊन बसतात. त्यांना मी निरोप दिलाय की १८२८ आणि १८२९ ची पानं हाती लागली तर तेवढी आधी बघा. डोंगर द्यायचा ठरला त्या दिवशी महाराजांनी काय लिहिलं, साहेबाबद्दल काही लिहिलं की नुसताच स्वारीचा खर्च मांडला. त्या म्हणाल्या, बघते, पण खर्चच असेल हो बहुतेक. मी म्हटलं, चालेल, खर्च तर खर्च.